डावा गाल

चित्रपटकला शिकविणाऱ्या एका संस्थेत मी सुतार आहे. विद्यार्थ्यांना प्रकाशयोजनेच्या सरावासाठी एक प्रौढ चेहरा हवा होता. सरांनी विचारताच मी मोठ्या उत्साहाने पत्नीचे नाव पुढे केले.

पत्नीचा डावा गाल लहानपणी उकळत्या तेलाने भाजलेला आहे. लग्नाच्या फोटोतही तिने तो दिसू दिला नाही. घरातसुद्धा ती सदैव माझ्या डाव्या हाताला बसते, जेणेकरून उजवाच गाल माझ्याकडे यावा. इतक्या वर्षांच्या संसारात मीही तो पुरता पाहिलेला नव्हता.

"येते, पण दिवा उजवीकडून हवा. डावीकडे काळोख," तिने अट घातली.

कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलीला सगळे चष्मेवाली म्हणत. ती म्हणाली, "काकू, निश्चिंत राहा. डावीकडे दिवाच लावत नाही."

तिने शब्द पाळला. उजवीकडे एकच दिवा ठेवला, डावीकडे काळे कापड ताणले. समोर दोन कॅमेरे होते, एक जुना व एक नवा.

"हिरोइनला चहा आणा रे," मी म्हणालो.

"गप्प बसा हो. हसले तर हलेन."

दुसऱ्या दिवशी आम्हा उभयतांना वर्गात सन्मानाने बोलाविले. पडद्यावर दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी होती. अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा अंधारात बुडालेला.

"बरी दिसतेय की मी," पत्नी कुजबुजली.

"आता खरी परीक्षा," सर म्हणाले. "अंधारातून कोणता कॅमेरा किती बाहेर काढतो ते बघू. उजळव गं."

चष्मेवालीने संगणकावर चित्रे उजळविली. जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात नुसती राखाडी धूळ उठली. नव्याच्या चित्रात मात्र गाल हळूहळू वर आला. आवळलेली कातडी, ओठापर्यंत ओढलेल्या वळ्या, सगळे भिंतीएवढे.

"काय स्वच्छ काढलंय," मागून कोणी म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजविल्या.

नंतर चष्मेवाली जवळ आली. "काकू, मी दिवा खरंच लावला नव्हता."

"कशाला लावशील? गरजच पडणार नाही, हे तुला ठाऊक होतं."

घरी परतताना पत्नी प्रथमच माझ्या उजवीकडून चालत होती.

"पोरं कॅमेरा बघत होती," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही गाल बघत होतात. मी तुमच्याकडेच बघत होते. एकदाही माझ्याकडे मान वळवली नाहीत."

तिने डावा गाल माझ्याकडे केला.

"बघा की आता, पोटभर."

मी रस्त्याकडे पाहत चालत राहिलो.