प्राणशक्तीचा पंखा

२०२३ सालचा श्रावण. शकुंतलाबाईंचं लग्न जिथं लागलं होतं, त्याच चामराजपेटेतल्या कार्यालयात उभं राहायला जागा नव्हती. लग्नालाही एवढी माणसं नव्हती. व्यासपीठावर तांब्याची तबकडी, तिला जोडलेला चिमुकला पंखा. बॅटरी कुठेच नाही. भक्तानं तळवा टेकला की पंखा गरगरायचा आणि तेजोनाथस्वामी गरजायचे, "प्राणशक्ती! सात जन्मांची! अमेरिकेला अजून पत्ता नाही!"

शकुंतलाबाईंचा मुलगा अनिलकुमार दारातच कॉफीचा गरम पेला हातांत धरून प्यायला आणि तसाच वर गेला. पंखा भिरभिरला. शकुंतलाबाई मात्र देवाची वस्तू म्हणून नळावर हात-पाय धुऊन गेल्या. पंखा ढिम्म.

"अक्का, प्राण आटलाय. कोवळ्या जिवाला तुमचा स्पर्श नको," स्वामींनी बजावलं.

घरी महिन्याची नात होती. रविवारी बारसं, आणि तिला पाळण्यात आजीनंच घालायचं ठरलं होतं. अनिलकुमारनं त्या दिवसापासून बाळ आजीच्या मांडीवर देणं बंद केलं. शकुंतलाबाई उंबऱ्याबाहेरूनच अंगाई गुणगुणायच्या.

धाकटी लेक भार्गवी प्रयोगशाळेत अर्धवाहकांचे तुकडे तापवून त्यांच्यात काय बदलतं ते मोजते. तिनं एवढंच विचारलं, "आई, तू हात धुतले होतेस?"

"मग? न धुता शिवू?"

"आणि अण्णानं?"

"त्यानं मेल्यानं कॉफी ढोसली!"

भार्गवी हसतच सुटली.

शनिवारी ती आईला आणि अण्णाला घेऊन कार्यालयात गेली. "स्वामीजी, हिचीही प्राणशक्ती बघा स्वल्प," म्हणत तिनं वाफाळता पेला तबकडीवर ठेवला. पंखा सुसाट सुटला.

"सरी, ठीक! म्हणजे आपल्यात पुण्यवान ही कॉफीच!" भार्गवी म्हणाली.

हशा पिकला. तेवढ्यात शकुंतलाबाईंनी तबकडीखालचं रेशमी वस्त्र उचललं. आत बर्फाचा डबा.

"ते... गंगाजल गोठलंय," स्वामी पुटपुटले.

"तबकडीखाली अर्धवाहकाची चकती आहे," भार्गवीनं सांगितलं. "वरून ऊब, खालून गारवा मिळाला की ती वीज तयार करते. आईचे हात नळाच्या पाण्यानं गारठले होते, एवढंच."

शकुंतलाबाईंनी तळवे पेल्यावर शेकून तबकडीवर टेकले. पंखा फिरला. अनिलकुमार मान खाली घालून उभा राहिला.

स्वामी सध्या होसूरकडे गुडघेदुखीवर लोहचुंबक देतात म्हणे. भार्गवी अजून तुकडे तापवते. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून तिला वीज काढायचीय. अनिलकुमार आता नमस्कार करण्याआधी वस्त्राखाली डोकावतो. आपणही डोकावावं, देव असला तर रागावणार नाही.

बारशाला नातीला पाळण्यात आजीनंच घातलं. आजही शकुंतलाबाई हात धुतात, कॉफीच्या पेल्यावर शेकतात आणि मगच तिला उचलतात. गार हात लागले की ती किंचाळते.