अंगठीच्या काउंटरवरचे हात

दुकानाचं शटर वर जायच्या आधी तिथे रोज एक परीक्षा होत असे, आणि ती हातांची असे. दागिने विकणाऱ्या बाईचा चेहरा गिऱ्हाईक विसरतं, हात विसरत नाही, असं मालकीणबाईंचं ठाम मत. म्हणून सकाळी सगळ्या जणी काउंटरच्या मखमलीवर बोटं पसरून उभ्या राहायच्या आणि बाई चष्मा नाकावर सरकवून एकेकीची नखं बघत पुढे जायच्या. नखं आखूड हवीत, त्यांवर रंग नको, बोटात स्वतःची अंगठी नको, मनगटाला अत्तराचा वास नको. एखादीच्या नखात कणकेचा कण दिसला की बाई फक्त बेसिनकडे बोट दाखवायच्या. तेवढ्यानं ती पोरगी दिवसभर मान वर करत नसे.

ताईंसमोर मात्र बाई थांबतसुद्धा नसत. ताई अंगठ्यांच्या काउंटरवरच्या. त्या दुकानाची पद्धतच अशी होती की अंगठी आधी विकणारीनं स्वतःच्या बोटात घालून दाखवायची आणि मग गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. त्यामुळे ताईंचे हात म्हणजे जवळजवळ दुकानाचाच माल होता, आणि तो त्यांनी जन्मभर जपला होता. लग्न झाल्यापासून त्यांच्या घरी भांडी नवरा घासायचा. शेजारपाजारचे हसायचे, तर तो म्हणायचा, "हिचे हात दुकानाचे, माझे मोरीचे. वाटणी झालेली आहे." माणूस गरीब स्वभावाचा, पण आपण नशीबवान आहोत असं ताईंना कधी वाटलं नाही. त्यांना वाटायचं, हातच असे आहेत, तर भांडी कोण घासायला लावील?

मग नवी आली.

आधी कापडाच्या दुकानात होती म्हणे. पहिल्याच सकाळी तिनं मखमलीवर हात ठेवले आणि बाई थांबल्या. नखात घाण शोधायला नव्हे, तर नुसतं बघायला. लांब, सरळ बोटं, सांधे कुठे आहेत ते कळू नये अशी. बाई "हं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पण ते "हं" ताईंच्या कानात माशीसारखं शिरलं आणि दिवसभर गुणगुणत राहिलं.

संध्याकाळी ताईंनी घरी विचारलं, "माझे सांधे जाड झालेत का हो?"

"कुठले? गुडघ्याचे?" नवरा साबणाच्या फेसात कोपरापर्यंत बुडाला होता.

"बोटांचे!"

"छे. आहेत तसेच आहेत."

पण बघायला त्यानं मान वळवली नव्हती, हे ताईंनी पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी ताईंना आत बोलावून घेतलं. अंगठ्यांचं काउंटर आता दाराशी, रस्त्यावरून दिसेल असं हलवायचं होतं. नवे दिवे, नवा आरसा आणि खुर्ची एकच. "तिथे कोणी बसायचं ते महिन्याअखेर ठरवू," बाई म्हणाल्या. "तोवर नवीला सगळं शिकवा. तुमच्याइतकं कोणाला येतंय?"

कौतुक असं असावं, की ऐकताना गोड आणि गिळताना काटा. ताई "हो बाई" म्हणाल्या आणि आतून नुसत्या पेटल्या.

तरी शिकवलं त्यांनी, अगदी मन लावून. गिऱ्हाइकाच्या हाताला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बोट जाड असलं तर "ही अंगठी जरा लहान आहे" म्हणायचं, "तुमचं बोट मोठं आहे" नाही. मायलेकी आल्या तर निवड लेकीची, पण पाणी आधी आईला. नवी सगळं डोळे मोठे करून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी ताईंपेक्षा जरा बरं करून दाखवायची. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ती हीच. आणि बरं, पोरगी उद्धट असती तर निदान तिला नावं ठेवता आली असती. ती उठताबसता "ताई, ताई" करायची. रुमाल पडला तर उचलून द्यायची. त्या हातांनी!

गिऱ्हाइकंही कशी मेली! ताईंची वर्षानुवर्षांची एक ओळखीची बाई आली, ताईंशी गप्पा मारल्या, लेकाबाळांची चौकशी केली आणि शेवटी म्हणाली, "ती खड्याची अंगठी जरा त्या मुलीच्या बोटात बघू दे ना." ताईंनी हसत हसत अंगठी उतरवली. सांध्याशी ती जरा अडली. फक्त क्षणभर अडली, दुसऱ्या कोणाला दिसलीही नसेल. त्या दिवशी ताईंना जेवण गेलं नाही.

मग घडली ती क्रीमची गोष्ट. त्या धंद्यात एक साधा नियम आहे: खड्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे आणि कोरडे करायचे. क्रीम, तेल, काही म्हणजे काही लावायचं नाही. हिऱ्याला स्निग्ध बोट लागलं की त्याचं तेज मरतं आणि चांगला हिराही काचेच्या तुकड्यासारखा दिसू लागतो. हे ताईंनी नवीला शिकवलं नव्हतं. आधी राहून गेलं होतं. मग राहू दिलं. आणि एके दिवशी नवीनं आपणहून विचारलं, "ताई, तुमचे हात इतके मऊ कसे हो? काय लावता?"

ताई घरी, निजताना क्रीम लावायच्या. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "हे घे," असं म्हणून त्यांनी घरी न्यायला घेतलेली क्रीमची डबी पर्समधून काढली. "सकाळी बाईंनी हात बघितले की मग लावायचं. थोडंसं. गिऱ्हाईक यायच्या आधी."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. पण शब्द काही त्यांनी परत घेतले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मायलेकी आल्या. मुलीचा साखरपुडा होता आणि आई चोखंदळ, भिंग स्वतःचं घेऊन आलेली. नवीनं एकच हिरा असलेली अंगठी आधी बोटात घातली, फिरवली, काढली, खडा चिमटीत धरून दिव्याखाली नेला. आईनं भिंग लावलं. मग भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं.

"हा इतका मंद का? काय दाखवताय तुम्ही आम्हाला?"

नवीनं दुसरी काढली. तिचंही तेच. तिसरीला हात घालणार तोवर आई पर्स खांद्याला लावून उठली होती. "चल गं. इथे आपल्याला अडाणी समजतात." आणि दार आपटलं.

बाई तीरासारख्या आल्या. त्यांनी नवीचं बोट हातात घेऊन अंगठ्यानं चोळलं. "क्रीम? हिऱ्याला? कोणी सांगितलं तुला?"

ताईंनी उत्तर तयार ठेवलं होतं: छे बाई, मी कशाला सांगू, मी निजताना लाव म्हटलं होतं.

पण नवीच आधी म्हणाली, "माझंच चुकलं, बाई."

झालं, संपलं. ताई वाचल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून तू मागच्या खोलीत, दागिन्यांच्या डब्या भरायला," आणि आत गेल्या. दाराजवळची खुर्ची कोणाची, हे आता वेगळं सांगायची गरज नव्हती.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, दुपारच्या चहापर्यंत. मग मात्र ताईंना ते वाक्य टोचायला लागलं. माझंच चुकलं! किती सहज म्हणाली! म्हणजे हात तर हिचे चांगलेच, आता मनही हिचंच मोठं? आपण केसानं गळा कापायचा आणि हिनं वरून पदर घालून झाकायचा? उद्या सगळ्या जणी मागच्या खोलीत हिच्याभोवती गोळा होतील आणि आपण दाराशी एकट्या बसू, दिव्याखाली, सगळ्या रस्त्याला दिसत. ताईंना आयुष्यात कोणाचा इतका हेवा वाटला नव्हता. हातांचं एक वेळ सोसलं असतं. पण एवढं मोठेपण त्या पोरीला एकटीला नेऊ द्यायचं? मुळीच नाही.

संध्याकाळी बाई नवीला डब्यांचं काम समजावत होत्या. ताई तरातरा आत गेल्या.

"बाई, क्रीम मी लावायला सांगितलं होतं. मुद्दाम. डबीही मीच दिली."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. बाईंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "दाराशी ही बसेल. तुम्ही डब्या भरा." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि ताईंना तेच जास्त लागलं.

तरी बाहेर येताना ताईंची मान ताठ होती. गमावलं खरं, पण बरोबरी तर झाली! आता दोघी सारख्याच मोठ्या मनाच्या. नवी मागोमाग येईल, गळ्यात पडेल, रडेल, असंही त्यांना वाटून गेलं.

नवी आली. पण तिचे ओठ थरथरत होते ते रागानं.

"मुद्दाम?" ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्याकडून जास्त लागलं. तुम्ही थोडंसं म्हणाला होतात ना. दिवसभर मी स्वतःला शिव्या घालतेय!"

"म्हणजे... तू मला वाचवलं नाहीस?"

"वाचवायचं कशापासून? तुम्ही असं कराल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

ताईंना बसावंसं वाटलं, पण तिथे स्टूलही नव्हतं. ज्या मोठेपणावर जळून त्यांनी खुर्ची घालवली, ते मोठेपण त्या पोरीजवळ कधी नव्हतंच. तिच्याजवळ होता तो साधा विश्वास, आणि तोही ताईंवरचा.

नवीनं डोळे मनगटानं पुसले. बाहेर कोणीतरी अंगठ्या बघायला आलं होतं आणि बाई तिला हाक मारत होत्या. ती बेसिनपाशी गेली, हात धुतले, बोटन् बोट कोरडं केलं आणि जाता जाता, मागे न बघता म्हणाली,

"घरी गेले की आईला सांगायचे, ताईंसारखं व्हायचंय मला. तुमचा फार हेवा वाटायचा, ताई. आता नाही वाटत."

आणि ती गिऱ्हाइकाला सामोरी गेली.