एकशे पन्नासची रेघ

"धावून आलीस का?" उंचीच्या पट्टीवरची आडवी कांडी डोक्यावर टेकवण्याआधीच मीटरकाकांनी मुलीला विचारलं.

"हो! मैदानाला सहा फेऱ्या. अंग गरम करून आले." शाबासकी मिळणार अशा थाटात मुलगी म्हणाली.

काकांनी कपाळाला हात लावला. क्रीडा वसतिगृहाच्या निवडीसाठी येणाऱ्या मुलामुलींची उंची मोजणं हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मुलींना एकशे पन्नास सेंटिमीटर हवेतच, नाहीतर धावायची पाळीच येत नाही. एकदा मोजलं की नोंद पक्की. आणि ही पोर केसभर कमी भरणार, हे काकांना बघूनच कळलं होतं.

"मोजा आणि मोकळे व्हा," टेबलामागून प्रशिक्षक सर म्हणाले. "लांब टांग, लांब पाऊल. साधी गोष्ट आहे."

"बुटक्यांची पावलं भराभर पडतात, सर."

"आणि भराभर दमतात."

"हिला शेवटी घेतो. कागद बघायचे राहिलेत." कागद व्यवस्थित होते. काकांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यांचे कान लाल झाले.

शेजारच्या सामानाच्या खोलीत उडीच्या गाद्या रचलेल्या होत्या. त्यांनी मुलीच्या आईला दाराशी खुर्ची दिली आणि मुलीला म्हणाले, "आडवी पड. बोलवीपर्यंत उठायचं नाही, बसायचंसुद्धा नाही."

"पण काका, अंग गार पडेल ना!"

"पडू दे, नंतर पुन्हा गरम कर. दिवसभरात माणसाचा कणा दबतो. सकाळच्यापेक्षा संध्याकाळी सेंटिमीटरभर कमीच भरतो. त्यात तू बसमधून धक्के खात आलीस, वर सहा फेऱ्या!"

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं असतं तर..." काका गाद्यांवरची धूळ झटकत राहिले.

सतराव्या वर्षी तेही दुपारभर धावून, अंग गरम करून याच पट्टीखाली उभे राहिले होते. मुलांना एकशे पासष्ट लागत. अर्धा सेंटिमीटर कमी पडला. पुढे इथेच शिपाई म्हणून लागले, आणि एकदा एकाच मुलाला सकाळी आणि संध्याकाळी मोजलं तेव्हा त्यांना सगळं उमगलं. आठवडाभर ते कुणाशी बोलले नाहीत. तसं घरी बोलायला कुणी नव्हतंच.

दीड तासाने मुलगी पट्टीखाली उभी राहिली. कांडी सैल झाली होती, सोडली की घसरायची. काकांनी ती घट्ट धरली. सरांनी स्वतः उठून, वाकून आकडा वाचला.

"एकशे पन्नास. वर एक रेघ." सरांनी काकांकडे रोखून पाहिलं. "ठीक आहे. पळू दे."

थोड्या वेळाने मैदानावर शिट्टी झाली. मग बारीक, भराभर पडणारी पावलं ऐकू आली आणि पाठोपाठ सरांचा आवाज, "अरे, ही कुठून उगवली!" काका खिडकीशी पोचेपर्यंत शर्यत संपली होती. मायलेकी शेवटची बस गाठायला फाटकाकडे धावत सुटल्या. काकांनी हात वर केला, पण त्या मागे वळल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली.

हॉल रिकामा झाला. संध्याकाळ होती, वयही झालं होतं. तरी काकांनी चपला काढल्या, टाचा भिंतीला लावल्या, हनुवटी सरळ केली आणि हात वर नेऊन कांडी डोक्यावर टेकवली. आकडा बघायला ते बाजूला झाले, तशी ती खाली घसरली.

त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग चपला घातल्या आणि खिडक्या लावायला घेतल्या.