सुकरीचं सोंग

दामोदर मास्तर जव्हारचा, खात्यापित्या घरचा. संस्थानच्या दरबारानं त्याला मोखाड्याकडच्या पाड्यावर शाळेत नेमलं, तेव्हा आई म्हणाली, "अरे, त्या पोरांना तुझी मराठी कळायची नाही नि तुला त्यांची बोली." झालंही तसंच. मास्तर घसा फोडून शिकवायचा नि पोरं त्याच्या मिशीकडं बघून खुदुखुदु हसायची.

मग बोहाडा आला. देवादिकांचे मुखवटे चढवून, सोंगं घेऊन सगळा पाडा नाचला. वर्गात मुका बसणारा लहान्या तिथं राक्षस होऊन असा गरजला की मास्तर दचकलाच! त्याच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. ही तर सोंगाची पोरं! यांना पुस्तक कशाला, सोंगच द्यावं, भाषा त्याच्यामागून येईल.

आणि आली की हो! कधी बाजाराचं सोंग, कधी कचेरीचं. पण मास्तराचा जीव दवाखान्याच्या सोंगात. वर्गातल्या सुकरीचा बाप पोट धरून जव्हारच्या दवाखान्यात गेला होता. काय होतंय ते मराठीत सांगायचं कसं, या धास्तीनं पायरीवर बसून राहिला, तसाच परतला आणि घरी येऊन मेला. पुन्हा कुणी असं मुक्यानं मरू नये, म्हणून मास्तरानं ते सोंग बसवलं होतं.

लहान्या डॉक्टर व्हायचा, कानाला पपईच्या देठाची नळी लावून. सुकरी रोगी होऊन आडवी व्हायची.

"काय होतंय?"

"ताप आलाय, साहेब. डोकं दुखतंय."

"ही पुडी घे. बरी झालीस. घरी जा."

"बरी झाले. घरी जाते."

मग सुकरी तोंडावरून दोन्ही हात फिरवून जमिनीला टेकवायची नि सगळी पोरं ओरडायची, "सोंग उतरलं!" हा नियम पोरांचा, बोहाड्यातून आणलेला. घेतलेलं सोंग उतरवावंच लागतं. मास्तराला हसू यायचं, पण तो चालू द्यायचा. सुकरीला तर या खेळाचं वेडच लागलं होतं. घरी गेली की चुलीपाशी आईला, हौशीला, डॉक्टर करायची. तिला मराठीचा गंध नव्हता, पण लेकीपायी तिनं दोघांचंही बोलणं पाठ केलं.

एक दिवस सोंग ऐन रंगात आलं असताना शाळा तपासायला साहेब आले. मास्तराची धांदल उडाली. "उठा, उठा! पाढे म्हणा!" सुकरी आडवी होती, ती तशीच उठली. पुडी राहिली, हात टेकवायचे राहिले. ती मास्तराकडं बघत राहिली, पण त्या गडबडीत त्याचं लक्ष कुठलं?

त्यानंतर ती शाळेत आलीच नाही. आली ती हौशी. पाड्यावर देवालाही तू म्हणतात, मास्तरालाही तूच.

"मास्तर, सुकरीला ताप भरलाय. सोंग तिचा उतरला नाय. तू मधीच उठवलीस, तूच चल, उतरव."

"अगं, ताप सोंगानं येतो का? डोलीत घाल नि जव्हारला ने. चल, मी येतो बरोबर."

"सोंगातला माणूस शिवेबाहेर नाय नेत. आधी उतरव, मग नेऊ."

मास्तराचं डोकंच फिरलं. एवढं शिकवलं, त्याचं हे फळ? "असल्या खुळाला मी भीक घालणार नाही!" तो म्हणाला. "तुम्ही नेत नाही ना? मीच औषध आणतो."

आणि तरातरा निघाला. हौशीचं घर वाटेवरच होतं. पण राग माणसाला आंधळा करतो म्हणतात ते काय उगीच? आत शिरून दोन शब्द बोलायला काय पडत होतं? पोर तेव्हाच डोलीत पडली असती.

जव्हारच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मास्तर म्हणाला, "ताप आलाय, साहेब. डोकं..." हे शब्द कुणाचे, ते त्याला आत्ता कळलं. डॉक्टर म्हणाले, "मुलीलाच आणायला हवं होतं." पुड्या घेऊन तो घाट धावत चढला-उतरला.

पाड्याच्या शिवेपाशीच बायांचं रडणं कानांवर आलं.

हौशी रडत नव्हती. लेकीच्या उशाशी बसली होती. मास्तराला बघून शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"आता तरी उतरव," ती म्हणाली. "नायतर पोर तिकडंबी आजारीच राहील."

मास्तर गुडघ्यांवर बसला. पुडी त्यानं त्या इवल्याशा, गार हातात ठेवली. दारात पोरं गोळा झाली होती, लहान्या त्यांच्यात होता.

"ही पुडी घे," मास्तर म्हणाला. "बरी झालीस. घरी जा."

आता सुकरीची पाळी होती. सगळे थांबले. मग हौशीच बोलली, अडखळत, लेकीनं शिकवलं होतं तसंच शुद्ध.

"बरी झाले. घरी जाते."

तिनं सुकरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि जमिनीला टेकवले.