म्हातारीला दिसलेला माणूस

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याबजावण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. नवव्या वर्षी तापात डोळे गेले, तेव्हापासून जग त्याच्या कानांतूनच आत यायचं, आणि आता तर पोटही त्या कानांवरच होतं. लोकांनी बनवलेल्या वेबसाइट न दिसणाऱ्या माणसाला धड वापरता येतात की नाही, हे तपासायचं त्याचं काम. स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा एक यंत्राचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये असायचा. तो आवाज त्यानं इतका भरधाव ठेवला होता की दुसऱ्या कुणाला वाटावं, डब्यात कोणी वाटाणे खुळखुळवतंय.

प्रत्येक साइट तो चार ब्राउझरमध्ये ऐकायचा, कारण चौघांची तऱ्हा चार. त्यांना त्यानं नावं ठेवली होती. पहिला घोडा. वाऱ्यासारखा पळायचा, पण चारा फार. मशीनची सगळी मेमरी खाऊन वर आणखी मागायचा. दुसरा विसराळू. बंद केला की आपण कुठं गेलो, काय पाहिलं, सगळं विसरून मोकळा. त्यामुळे चोराच्या हाती काही लागायचं नाही, आणि मालकाच्याही. तिसरा घरजावई. मशीनबरोबर आपोआप आलेला, कुणी बोलावलेला नाही, काढू म्हटलं तर निघणारा नाही. पण खरं सांगायचं तर कामात वाईट नव्हता. आणि चौथी म्हातारी. तिला बनवणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून वर्षं झाली होती. पान उघडायला ती इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात पाणी पिऊन यावं. नव्या गोष्टी तिच्या डोक्यावरून जायच्या. तरी जुनी मशीनं वापरणारे लोक तिलाच धरून होते, म्हणून तिलाही तपासावं लागायचं.

त्या दिवशी एका वृद्धाश्रमाची साइट आली होती. नवं रूप, बरेच फोटो. फोटो दिसत नाही त्याच्यासाठी प्रत्येक फोटोला वर्णन लिहिलेलं असतं, आणि आवाज ते वाचतो. घोड्यानं वाचलं, ‘नीटनेटकी, हवेशीर खोली.’ विसराळूनं तेच वाचलं. घरजावयानंही. दुपारचे दोन वाजले होते, बाकीचे खाली जेवायला गेले होते. कानसेननं म्हातारी उघडली, पाणी पिऊन आला, आणि कीबोर्डवरचा बाण दाबला.

‘खोली क्रमांक बारा. खिडकीपाशी आजोबा उभे आहेत. अंगात निळा स्वेटर, डाव्या कोपरावर तपकिरी ठिगळ, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं.’

त्याचा हात थांबला. आवाज तोच होता, रोजचा, निर्विकार. पण वेबसाइटवर असं कुणी लिहीत नाही. ठिगळाच्या दोऱ्याचा रंग कोण सांगतं? तो पुढच्या फोटोवर गेला.

‘जेवणाची खोली. आजोबा हसताहेत. हातातला चमचा त्यांनी फोटो काढणाऱ्यावर रोखला आहे.’

‘मुख्य दरवाजा. पायरीवर आजोबा बसले आहेत. एका बुटाची नाडी सुटली आहे.’

‘बाग. आजोबा पाठमोरे. निळ्या स्वेटरवरून ओळखू येतात.’

तोच माणूस. खोलीतून जेवायला, तिथून दारात, दारातून बागेत. फोटोंच्या मागून कुणीतरी आपल्या पुढं पुढं चालत गेल्यासारखं वाटलं त्याला. शेवटचा फोटो राहिला होता.

‘मागचं फाटक. फाटक उघडं आहे. कडी निखळून लोंबते आहे. आजोबा बाहेर बघत उभे आहेत.’

त्यापुढं पान संपलं. कानसेननं हेडफोन काढला. ऑफिस रिकामं होतं, पंखा तेवढा कुरकुरत होता.

डिझायनर पोरगी जेवून वर आली तेव्हा तो म्हणाला, “बाई, इकडे बघ जरा. या साइटवर कोण म्हातारा आहे?”

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. “कुठला म्हातारा, दादा?”

“प्रत्येक फोटोत आहे म्हणे. निळा स्वेटर घातलेला.”

तिनं एकेक फोटो मोठा करून पाहिला. “कुणी नाही हो. रिकामी खोली. रिकामी टेबलं. बागेत बाक आहे, त्यावरही कुणी नाही.”

“आणि फाटक?”

“बंद आहे. चांगलं नवं कुलूप आहे.”

 कानसेननं हेडफोन तिच्या कानाला लावला, आवाजाचा वेग माणसात आणला आणि म्हातारीला परत बोलायला लावलं. डिझायनरनं पहिलं वर्णन ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि तिसऱ्याला हेडफोन काढून ठेवला.

“अंगावर काटा आला,” ती म्हणाली. पण पोरगी कामाची होती. पानाच्या पोटात शिरून तिनं दहा मिनिटांत घोळ शोधला. “फोटोचं वर्णन लिहायच्या दोन जागा असतात, दादा. एक जुनी, एक नवी. नव्या ब्राउझरना नवी जागा सापडली की ते जुनीकडे ढुंकून बघत नाहीत. म्हातारीला नवी जागा कळतच नाही, ती जुनंच वाचते. फोटो बदलले, वर नवं वर्णन टाकलं, पण खालचं पुसायचं राहिलं कुणाचं तरी. फळी न झाडता वर कोरा कागद अंथरावा ना, तसं.”

“म्हणजे म्हातारा होता.”

“होता. कधीतरी.”

इथं खरं तर काम संपत होतं. ‘जुना मजकूर राहिला आहे, काढून टाकावा,’ एवढं एक वाक्य लिहिलं की झालं. त्यानं ते लिहिलं नाही. त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, “लक्ष कुठं आहे? तिसऱ्यांदा विचारतेय.” तर हा मनात उघड्या फाटकापाशी उभा.

दुसऱ्या दिवशी त्यानं वृद्धाश्रमात फोन लावला. वर्णनं कुणी लिहिली होती, असं साळसूदपणे विचारलं. पलीकडच्या माणसानं, ती कारकूनबाई केव्हाच सोडून गेली, असं तुटकपणे सांगितलं. पण नंबर दिला. बाई आता एका शाळेच्या कचेरीत होती. कानसेननं तिला पहिलंच वर्णन म्हणून दाखवलं, काळ्या दोऱ्यापर्यंत.

बाई एकदम म्हणाली, “ते अजून आहे तिथं?”

“एकाच ब्राउझरमध्ये. कोण होते ते, ताई?”

“बारा नंबरचे आजोबा. फोटोची भारी हौस. फोटोवाला आला की हे पुढं. त्याला वाटेना का कटकट, मला मजा वाटायची. वर्णनं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. कसं लिहायचं ते कुणी शिकवलं नाही, म्हणून दिसलं ते लिहिलं.” ती थांबली. “त्या फोटोंनंतर दीड महिन्यानं ते मागच्या फाटकातून गेले. नवव्या दिवशी कालव्यात सापडले. फाटकाला कायम कुलूप असतं, ते भिंतीवरून गेले असणार, असं आश्रमाच्या साहेबांनी लिहून दिलं. पंचाहत्तरीचा माणूस, भिंतीवरून! दोन दिवसांत सगळे फोटो नव्यानं काढले. मला म्हणाले, नवी वर्णनं लिही. मी नोकरी सोडली. त्यापलीकडं मात्र काही केलं नाही मी. तोंड उघडायला हवं होतं.”

“त्यांचं कुणी आहे?”

“मुलगी आहे. कपडे दुरुस्त करून देते. दुकान माहीत आहे मला. तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले.”

शनिवारी दोघं मिळून गेली. कारकूनबाईनं त्याला बसथांब्यावर गाठलं आणि कोपर पुढं केलं.  दुकानात शिलाई मशीनची घरघर होती, इस्त्रीच्या वाफेचा वास होता. मुलगी पन्नाशीची असावी. दोघांच्या येण्याचं कारण ऐकून ती मशीनवरून उठली नाही, फक्त पायाखालची घरघर थांबली.

“लावा,” ती म्हणाली.

कानसेननं लॅपटॉप कपड्यांच्या टेबलावर ठेवला. म्हातारीनं नेहमीसारखा वेळ घेतला. त्याच्या मनात फाटकाचा फोटो होता. मुलीला तोच ऐकायचा असणार, आणि तो ऐकून ती रडेल नाहीतर भडकेल, असं त्यानं धरलं होतं. पण पहिला फोटो वाचून होताच ती म्हणाली, “थांबा. परत.”

‘अंगात निळा स्वेटर, डाव्या कोपरावर तपकिरी ठिगळ, काळ्या दोऱ्यानं शिवलेलं.’

“परत लावा.”

चार वेळा लावलं. चौथ्या वेळी तिची खुर्ची सरकली, आणि ती कारकूनबाईला म्हणाली, “हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं? दोरा काळाच होता?”

“हो. अकरा नंबरच्या आजोबांनी दिला होता स्वेटर. ठिगळ तुमच्या बाबांनी स्वतःच लावलं, मला दाखवायला आले होते. म्हणाले, लेकीला दाखवू नका, टाके बघून हसेल.”

मुलगी हसली नाही. “कालव्यातून काढलं तेव्हा चेहरा ओळखण्यासारखा नव्हता,” ती सावकाश म्हणाली. “अंगात निळा स्वेटर होता. बाबांकडे निळा स्वेटर नव्हता. त्यांचा एकूणएक कपडा माझ्या हातचा. आणि त्या कोपरावरचं काळ्या दोऱ्याचं ठिगळ... असले टाके आमच्या घरात कुणी घालणार नाही, इतके वेडेवाकडे. पण दुसरं कुणी हरवलेलं नव्हतं, पोलीस घाई करत होते. मी हो म्हटलं, सही केली. तेव्हापासून दोन वर्षं दार वाजलं की वाटतं, आले. रस्त्यात कुणी म्हातारा पाठमोरा दिसला की मागं जाते. आपण परक्याच माणसाला निरोप दिला, आणि बाबा कुठंतरी वाट बघत बसलेत, असं... कुणाला सांगणार हे?”

तिनं पदरानं तोंड पुसलं असावं. कानसेनला कापड घासल्याचा आवाज आला. “म्हणजे तेच होते,” ती म्हणाली. “बरं झालं.” आणि मग ती रडली. कारकूनबाईही रडली, आणि कानसेन, ज्याला कुणाचं रडणं कुठून येतंय एवढंच कळत होतं, दोघींच्या मधे हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

फाटकाचं वर्णन तिनं सगळ्यात शेवटी ऐकलं. “ही कडी लोंबत होती?” एवढंच विचारलं. कारकूनबाई म्हणाली, “होती. आणि मी ते लिहून देईन. जिथं म्हणाल तिथं.”

सोमवारी ऑफिसात त्याच्या साहेबांनी अहवाल मागितला. कानसेननं चारही ब्राउझरचे गुणदोष नेहमीप्रमाणे लिहिले: घोडा झटपट पण जड, विसराळूत फॉर्मची बटणं नीट वाचली जात नाहीत, घरजावई ठीक. म्हातारीच्या खाली त्यानं फाटकाचं वर्णन जसंच्या तसं, डिझायनरला पानाच्या पोटात सापडलेल्या तारखेसकट उतरवलं.

साहेब वाचून म्हणाले, “एवढं पाल्हाळ कशाला? जुना मजकूर काढा म्हणायचं आणि सोडायचं.”

“दोष नेमका कळायला हवा ना, साहेब. तुम्हीच सांगता, उदाहरण द्या.”

अहवाल वृद्धाश्रमाला गेला आणि तासाभरात साइटवरची जुनी वर्णनं पुसली गेली. सगळी. मुलीनं अहवालाची प्रत जोडून तक्रार केली. वर्णनं घाईनं पुसली, यावरूनच तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला काय ते कळलं, असं मुलगी नंतर म्हणाली. अहवालातलं एक वाक्य आणि कारकूनबाईची साक्ष, एवढ्यावर चौकशी पुन्हा उघडली. भिंतीची गोष्ट टिकली नाही. वृद्धाश्रमाच्या साहेबांची खुर्ची गेली, आणि फाटक उघडं होतं असं कागदावर आलं. माणूस काही परत आला नाही, पण खोटं मात्र गेलं.

पावसाळा सरता सरता एका दुपारी मुलीचा फोन आला. “दादा, मी ती म्हातारी आणि तो वाचणारा आवाज माझ्या कॉम्प्युटरवर बसवून घेतले. पण ती काहीच बोलत नाही हो. नुसतं ‘फोटो, फोटो’ म्हणते.”

“पुसलं त्यांनी. मी जपून ठेवायला हवं होतं. फाटकाचं तेवढं ठेवलं, बाकीचं सुचलंच नाही मला.” ही सल त्याला होतीच.

“मग तुम्ही म्हणा. तुमच्या लक्षात असेल.”

त्याच्या लक्षात होतं. त्यानं डोळे मिटले, जे तो एरवी कधी करत नसे, आणि म्हणू लागला. खोली क्रमांक बारा. जेवणाची खोली. मुख्य दरवाजा. बाग. आवाज त्याचा होता, पण लय त्या यंत्राची लागली होती, वाक्यं आपोआप येत होती. ‘जिना. आजोबा भिंतीला हात लावून वर चढताहेत. वळणावर थांबून त्यांनी मागं पाहिलं आहे.’

“जिना?” मुलगी म्हणाली. “त्या दिवशी जिना नव्हता.”

“नव्हता?”

“नाही. मी एकेक शब्द घोकलाय. पण चढायचे ते असेच, भिंतीला हात लावून.” मग ती म्हणाली, “राहू दे. छान होतं,” आणि फोन ठेवला.

 आपण रचलं असेल, असं कानसेननं स्वतःला बजावलं. माणूस किती वेळा एकच गोष्ट मनात घोळवतो, एखादं वाक्य जास्तीचं चिकटतं. तरी राहवेना, म्हणून त्यानं कारकूनबाईला फोन केला आणि जिन्याचं वर्णन तिनं कधी लिहिलं होतं का, असं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “फोटो काढला होता जिन्यावर. पण आजोबा ऐन वेळी वळले आणि हलला तो. त्याच दिवशी टाकून दिला, साइटवर गेलाच नाही. मी तर विसरूनही गेले होते.” मग तिचा आवाज खाली आला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, ताई,” कानसेन म्हणाला. “बाकीचं म्हणता म्हणता आपोआप तोंडात आलं.” “परत म्हणा,” ती म्हणाली, आणि तो म्हणू लागला, ‘जिना. आजोबा भिंतीला हात लावून वर चढताहेत.’