जवळची खिडकी

सकाळपासून हीना तालुक्याच्या दवाखान्यातल्या नव्या खिडकीसमोर येरझारा घालत होती. आत गोळ्यांच्या बाटल्या मांडलेल्या, वजनकाटा पुसून ठेवलेला, रजिस्टर कोरं. यादीत बावीस नावं, आणि दहा वाजून गेले तरी एकही माणूस फिरकला नव्हता.

मायक्रोबायॉलॉजी शिकलेली हीना अकोल्यात एचआयव्ही रुग्णांच्या संघटनेत काम करायची. हिवरखेडकडच्या लोकांना दर महिन्याला औषधासाठी शहर गाठावं लागू नये, म्हणून आठ महिने तिनं साहेबांच्या दारी चपला झिजवल्या होत्या. आज खिडकी उघडली आणि डॉक्टरांनी लगेच बजावलं, "एकपर्यंत एक तरी पेशंट नोंदवा मॅडम. नाहीतर गरज नाही असा रिपोर्ट जाईल, अन् माल परत."

त्याहून मोठी धास्ती मैनाबाईची होती. तिच्या गोळ्या परवाच संपल्या असणार. खाडे पडत गेले की हा विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे हीनानंच तिला चित्र काढून समजावलं होतं. आणि मैनाबाई फोन उचलत नव्हती.

गावाकडची गाडी आली का बघायला हीना तडक एसटी स्टँडवर गेली. अमरावतीच्या फलाटावर पदर पुढे ओढून मैनाबाई बसली होती.

"मावशी, इथं काय करून राहिल्या? गोळ्या तं दवाखान्यात आल्या."

"म्हनून तं इथं बसली."

"म्हणजे?"

"खिडकीत कोन बसते पायलं का? माह्या जाऊबाईचा भाचा. अन् तू दिवस कोनता निवडला वं पोरी? बाजाराचा. सारं गाव आज इथं."

"तो कुणाला सांगणार नाही. नियम आहे."

"नियम त्याले असन. त्याच्या मायले हाय का?"

हीनाला हसूही येईना. तिच्या बावीस जणांच्या तक्त्यात एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. अकोला जवळ असून चौदा जण अमरावतीला का जातात? तिनं तो आकडा लिहिण्यातली चूक समजून सोडून दिला होता. तीच खरी नोंद होती.

"संघटनेच्या बैठकीत तुम्हीच म्हणाल्या ना, लय लांब पडते?"

"पडतेच. पन अमरावतीत मले कोनी वळखत नाई. तू किती लांब ते इचारलं, काहून ते नाई इचारलं."

गाडी लागली. मैनाबाई उठली, पिशवी काखेत मारली आणि थांबली. "तुयं काम अडत असन तं येतो मी दवाखान्यात. एक नाव पायजे ना तुले?"

एका नावानं खिडकी वाचली असती. हीनाच्या तोंडाशी 'चला' आलं होतं. मैनाबाईनं पदर आणखी पुढे ओढला.

"नको. गाडीत चढा. मी अमरावतीच्या दवाखान्यात फोन करते, तीनपर्यंत थांबतील."

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी पेन पुढे केलं. "काय लिहू?"

"शून्य. पण पेशंट नाहीत असं नका लिहू. जागा चुकली, अन् चूक माझी, असं लिहा. शेजारच्या तालुक्यातले इथं अन् इथले तिकडं चालतील का, लोकांना विचारून सांगते."

"उलटीच गंगा तुमची." त्यांनी कागद पेपरवेटखाली सरकवला. "सोमवारपर्यंत ठेवतो. पुढं नाही."

बाकावर बसून हीनानं यादीतला पहिला नंबर लावला. काका म्हणाले, मले अकोलाच बरा. दुसऱ्या बाईनं आवाज ऐकूनच फोन ठेवला. तिसऱ्या नंबरवर 'तुम्हाले कुठं जमते' एवढं विचारलं, तर पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला.

पावणेतीनला मैनाबाईचा फोन आला. "गोळ्या भेटल्या. एक इथंच नळावर घेतली."

"बरं झालं मावशी," हीना म्हणाली, आणि चौथा नंबर लावला.