जमिनीपासून वीतभर

मी सरावाचा सेफ्टी बेल्ट बोलतोय. आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द अगदी साधे. माझी शाळा म्हणजे कारखान्यातली ही एक खोली, आणि तीही मधेच सुटली. कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

एका मोठ्या शिवणखोलीत माझा जन्म झाला. खांद्यांचे दोन पट्टे, छातीचा एक, मांड्यांचे दोन आणि पाठीवर एक लोखंडी कडी. माझ्याबरोबर शिवलेले माझे भाऊ उंच टाक्यांवर आणि मनोऱ्यांवर गेले. माझ्या पाठीवर मात्र पिवळ्या रंगात ‘सराव’ असं लिहिलं गेलं. ज्याच्यावर सराव लिहिलंय, त्यानं वर जायचं नसतं.

मी आलो या कारखान्यातल्या सरावाच्या खोलीत. इथे मास्तर होते. उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते माझ्यात अडकवायचे आणि छताच्या कप्पीची साखळी ओढून जमिनीपासून उचलायचे. किती? वीतभर. पण पाय सुटले की मिशीवर ताव मारणारे गडीसुद्धा “आई गं!” म्हणायचे. मग श्वास सोडायचे आणि सगळा भार माझ्यावर टाकायचे. तो क्षण मला फार आवडायचा. अनोळखी माणूस असा आपल्यावर विसावतो, याहून मोठं सुख बेल्टाला कुठलं?

पुढे कारखान्यात नवी पद्धत आली. निम्मं शिक्षण घरी, मोबाइलवर. उरलेलं निम्मं इथे, माझ्यात. धडे बघायचे, प्रश्न सोडवायचे आणि मग येऊन हातानं करून दाखवायचं. मास्तर खूश झाले. म्हणाले, “बरं झालं. तेच तेच सांगून माझा घसा बसायचा. आता पोरं ऐकून येतील, मी नुसतं करून घेईन.”

मीही खूश झालो. पण झालं भलतंच. मोबाइलवर सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण! मग मुकादम म्हणू लागला, “मास्तर, यांना सगळं येतंय. कामाचा खोळंबा कशाला?” निम्मं शिक्षण घरी झालं आणि उरलेलं निम्मं कोणाच्याच वाट्याला आलं नाही. माझ्या खुंटीवर लोक छत्र्या आणि डब्याच्या पिशव्या अडकवू लागले. दार वाजलं की वाटायचं, आला कोणीतरी. यायचा तो छत्री घेऊन जायचा.

अशात एका दुपारी मास्तर एका रंगाऱ्याला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याला पाण्याची टाकी रंगवायला वर चढायचं होतं. त्यालाही पैकीच्या पैकी गुण होते.

“मांडीचा पट्टा नीट बसला हे कसं ओळखशील?” मास्तरांनी विचारलं.

रंगारी डोकं खाजवत म्हणाला, “ते... बायकोला विचारून सांगतो.”

मास्तर आधी हसले, मग त्यांनी खोदून विचारलं. घरात मोबाइल एकच, तोही बायकोचा. रंगारी दमून झोपायचा आणि ती भाजी चिरता चिरता धडे बघून उत्तरं देऊन टाकायची.

“आणि बाकीच्या रंगाऱ्यांचं?”

“एकाची मुलगी देते, एकाची वहिनी. तिसऱ्याचं माहीत नाही, पण त्याची सासू हुशार आहे म्हणतात.”

“म्हणजे टाकीवर उद्या सासूला चढवू का रे?”

रंगाऱ्याची बायको याच कारखान्यात पॅकिंगला होती. मास्तरांनी तिला बोलावून घेतलं. नवऱ्यानं तोवर मला अंगात घातलं होतं. मांड्यांचे पट्टे सैल, लोंबकळते.

“अहो, हे काय?” ती दारातूनच म्हणाली. “मांडीचा पट्टा असा असतो होय? पट्ट्याखालून तळहात सरकला पाहिजे आणि मूठ अडली पाहिजे.”

“घट्ट केलं की बदकासारखं चालावं लागतं. पोरं हसतात.”

“हसू देत की.”

“तुला काय कळतंय? तू कधी चढलीस?”

मास्तरांनी माझी कडी अडकवून साखळी ओढली. रंगारी वीतभर उचलला गेला आणि मांड्यांचे सैल पट्टे वर सरकले. त्याचं अंग खाली घसरलं, छातीचा पट्टा हनुवटीखाली येऊन रुतला. त्याचा आवाजच निघेना. मास्तरांनी त्याला लगेच खाली घेतलं.

इतका वेळ तोंड चालवणारी त्याची बायको भिंतीला टेकली होती. “मला वाटलं, मी उत्तरं दिली की तुम्ही वर सुखरूप राहाल,” ती म्हणाली. “मीच तुम्हाला पास केलं हो.”

रंगाऱ्यानं मांड्यांचे सैल पट्टे हातात घेतले. मग म्हणाला, “अगं, रडतेस कशाला? सांग, कसं करायचं. मी करतो.”

ती सांगत गेली, तो करत गेला. तिनं हात लावला नाही. मास्तर लावू देईनात. साखळी पुन्हा ओढली गेली. या वेळी तो माझ्यात नीट बसला, खुर्चीत बसावा तसा. कित्येक महिन्यांनी एक माणूस माझ्यावर विसावला.

ती दोघं गेल्यावर खोली फार मोठी वाटू लागली. उद्या मला पाठीवर घेऊन जा, असं त्याला सांगावंसं वाटत होतं. वरून कसं दिसतं, ते एकदा बघू दे. पण माझी शिवण जागोजागी उसवलीय. अशा बेल्टाला शेवटी कापून टाकतात, चुकून कोणी वर नेऊ नये म्हणून. तोवर एवढंच मागणं आहे. घरी धडे जरूर बघा, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मग इथे या. हे अंगालाही कळावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. रंगारीच होता, आणि त्याच्यामागे बाकीचे तिघे कुरकुरत उभे होते. त्यानं माझ्यावरच्या छत्र्या काढून कोपऱ्यात ठेवल्या, मला खुंटीवरून उतरवलं आणि पहिल्याच्या खांद्यावर चढवलं.

“कोणाला विचारायचं नाही,” तो म्हणाला. “तुझा तू बांध.”